शरीरात बसवलेलं उपकरण बिघडलं, तर कंपनीची जबाबदारी कुठवर?

पेसमेकर, कृत्रिम सांधा, हृदयाची झडप असं काही शरीरात बसवलं आणि ते बिघडलं, तर बनवणाऱ्या कंपनीची नैतिक जबाबदारी कुठे सुरू होते आणि कुठे संपते, असा प्रश्न आहे. त्याला जोडून दुसराही आहे: नियामकाचे सगळे नियम पाळले म्हणजे ती जबाबदारी पार पडली असं धरायचं का?

इम्प्लांट बनवणाऱ्या कंपन्यांमध्ये तक्रारींचा तपास आणि विक्रीनंतरची देखरेख हेच काम मी बरीच वर्षं केलं आहे, त्यामुळे उत्तर आतल्या बाजूने देतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. पहिल्याला वेळ लागेल. उपकरण बिघडलं एवढ्यावरून मी कोणत्याही कंपनीला दोषी धरणार नाही. मी दोन तारखा विचारतो. काहीतरी बिघडतंय अशी शंका कंपनीला पहिल्यांदा आली तो दिवस कोणता, आणि ज्याच्या अंगात ते उपकरण आहे त्याला ते कळलं तो दिवस कोणता? या दोन तारखांच्या मधल्या काळात कंपनीने काय केलं, यावर माझं मत ठरतं.

बिघाडाला गुन्हा का म्हणत नाही, ते आधी सांगतो. हृदय दिवसाला साधारण एक लाख वेळा आकुंचन पावतं. पेसमेकरची लीड, म्हणजे हृदयापर्यंत जाणारी तार, त्या प्रत्येक ठोक्याला थोडी वाकते. दहा वर्षांत हा आकडा ३६ कोटींच्या पुढे जातो. भोवती खारट, कोमट द्रव, आणि परकी वस्तू दिसली की तिच्या मागे लागणाऱ्या पेशी. इतक्या वर्षांची झीज प्रयोगशाळेत वेग वाढवून तपासतात, पण वेग वाढवला की काही गोष्टी दिसतच नाहीत. एखादं प्लॅस्टिक शरीरात आठव्या वर्षी कसं वागेल, हे कधीकधी आठव्या वर्षीच कळतं. त्यामुळे काही टक्के उपकरणं मुदतीआधी निकामी होणार, हे गृहीतच असतं. बॅटरी ठरलेल्या काळात संपणं हा तर बिघाडसुद्धा नाही. 'आमचं उपकरण कधीच बिघडत नाही' असं सांगणारा माणूस विक्री विभागातला असतो.

उघड लबाडीबद्दल फार बोलण्यासारखं काही नाही. फ्रान्सच्या पीआयपी कंपनीने स्तनांच्या इम्प्लांटमध्ये वैद्यकीय दर्जाऐवजी औद्योगिक सिलिकॉन भरलं. २०१० मध्ये त्यावर बंदी आली आणि २०१३ मध्ये संस्थापकाला चार वर्षांची शिक्षा झाली. तिथे नीतीचा गुंता नाही. अवघड प्रकरणं असतात ती बऱ्यापैकी प्रामाणिक माणसांनी भरलेल्या कंपन्यांची.

त्यातलं मला सर्वात बोधक वाटतं ते गायडंट या अमेरिकी कंपनीचं प्रकरण. मार्च २००५ मध्ये अमेरिकेत २१ वर्षांचा एक विद्यार्थी अचानक मरण पावला. त्याच्या छातीत गायडंटचा व्हेंटॅक प्रिझम २ डीआर हा डिफिब्रिलेटर होता. हृदयाची लय जीवघेणी बिघडली की झटका देऊन ती पूर्ववत करणं हे त्याचं काम. त्या मॉडेलमध्ये एका ठिकाणचं विद्युतरोधक आवरण कालांतराने खराब व्हायचं, आणि झटका द्यायच्या नेमक्या क्षणी शॉर्टसर्किट होऊन उपकरणच निकामी व्हायचं. मिनियापोलिसचे हृदयरोगतज्ज्ञ रॉबर्ट हॉसर आणि बॅरी मॅरन यांनी कंपनीला विचारल्यावर कळलं की हा दोष कंपनीला आधीपासून ठाऊक होता. २००२ मध्येच रचनेत सुधारणा झाली होती. डॉक्टरांना कळवा, असा आग्रह या दोघांनी धरला. कंपनी तयार झाली नाही. मग मे २००५ मध्ये बातमी न्यूयॉर्क टाइम्समध्ये आली. त्या वेळी हे मॉडेल सुमारे २४ हजार माणसांच्या शरीरात होतं. पुढे फौजदारी प्रकरणात कंपनीने गुन्हा कबूल केला आणि २९ कोटी ६० लाख डॉलर भरावे लागले.

गायडंटचा युक्तिवाद काय होता, हे नीट ऐकायला हवं. तो तद्दन खोटा नव्हता. बिघाडाचं प्रमाण फार कमी आहे. जाहीर केलं तर लोक घाबरून उपकरण बदलून घेतील. आणि बदलण्याची शस्त्रक्रिया, विशेषतः तिच्यातला जंतुसंसर्ग, मूळ दोषापेक्षा जास्त माणसं मारेल. ही भीती खरी असल्याचं २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका अभ्यासाने दाखवलं. धोक्याची सूचना निघालेले डिफिब्रिलेटर असलेल्या २,९१५ रुग्णांपैकी ५३३ जणांनी ते बदलून घेतले. त्यांतल्या ४३ जणांना गुंतागुंत झाली, ३१ जणांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली आणि दोघे दगावले.

तरीही युक्तिवाद दोन ठिकाणी कोसळतो. एक म्हणजे कंपनीकडे सरासरी असते, रुग्ण नसतो. ज्याचं हृदय पेसमेकरशिवाय चार सेकंदही चालत नाही आणि ज्याला केवळ खबरदारी म्हणून उपकरण बसवलंय, या दोघांना हजारात एक बिघाडाचा अर्थ सारखा कसा असेल? कोण कोणत्या गटात आहे हे डॉक्टरला माहीत असतं, माणसाला स्वतःला माहीत असतं, कंपनीला माहीत नसतं. ज्याच्याकडे अर्धीच माहिती आहे त्याने निर्णय घ्यायचा आणि उरलेली अर्धी ज्यांच्याकडे आहे त्यांना कळूच द्यायचं नाही, याला रुग्णहित म्हणता येत नाही. बदलण्यात धोका आहे ना? मग तोही त्याच पत्रात लिहा.

दुसरी गोष्ट मला जास्त गंभीर वाटते. सुधारित रचना तयार झाल्यावरही जुन्या रचनेची शिल्लक उपकरणं विकली गेली. खोक्यातल्या उपकरणाला शस्त्रक्रियेचा धोका नसतो. ते परत मागवण्यात कोणाच्याही जिवाला काही होत नाही, फक्त कंपनीच्या वहीत तोटा दिसतो. 'रुग्ण घाबरतील' हा मुद्दा तिथे लागूच पडत नाही. म्हणून कोणत्याही प्रकरणात मी आधी साठ्याचा हिशेब बघतो. दोष कळला त्या दिवशी गोदामात किती नग होते आणि त्यांचं काय झालं, यावरून कंपनीच्या हेतूबद्दल तिच्या निवेदनांपेक्षा जास्त कळतं.

रुग्णाला नुसतं 'धोका आहे' असं कळवूनही भागत नाही, हे ब्यॉर्क-शायली झडपेने शिकवलं. १९७९ ते १९८६ या काळात या झडपेचं कॉन्व्हेक्सो-कॉन्केव्ह मॉडेल जगभरात सुमारे ८६ हजार माणसांना बसवलं गेलं. झडपेच्या तबकडीला धरून ठेवणारी धातूची कमान वेल्डिंगच्या जागी तुटायची आणि तबकडी निसटायची. ज्यांची तुटली त्यांतले सुमारे दोन-तृतीयांश लोक मरण पावले. पण झडप काढायची म्हणजे उघड्या हृदयावर पुन्हा शस्त्रक्रिया, आणि बहुतेकांसाठी तिचा धोका तुटण्याच्या धोक्याहून मोठा होता. मग कोणाची काढायची? झडपेचं माप, हृदयातली तिची जागा, रुग्णाचं वय यांवरून धोका पुष्कळ बदलतो, हे अभ्यासाअंती समोर आलं. मोठ्या मापाची, मायट्रल जागी (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमध्ये) बसवलेली, तरुण माणसातली झडप जास्त धोक्याची. १९९२ च्या सामूहिक तडजोडीत झडप बनवणाऱ्या शायलीची मालक कंपनी फायझर हिला असं संशोधन आणि शस्त्रक्रियांचा खर्च यांसाठी पैसे द्यावे लागले.

माझ्या मते दोष कळल्यावरचं सगळ्यात दुर्लक्षित कर्तव्य हेच आहे. 'आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या' एवढं लिहून मोकळं होता येत नाही. डॉक्टरांच्या हातात सल्ला देण्याजोगं काहीतरी ठेवायला हवं. कोणत्या बॅचमध्ये, किती वर्षांनी, कोणत्या रुग्णात धोका वाढतो. बिघाडाची आधी काही चाहूल लागते का. तपासणी दर किती महिन्यांनी करावी. हे शोधायला पैसा आणि माणसं लागतात, आणि विक्री थांबलेल्या उत्पादनावर पैसा खर्च करायला कोणत्याही कंपनीत उत्साह नसतो.

आता तक्रार-विभागात नेमकं काय चालतं ते सांगतो, कारण शंकेची तारीख तिथे ठरते. अमेरिकेच्या नियमानुसार मृत्यू, गंभीर इजा किंवा तसं घडवू शकणारा बिघाड कळल्यापासून ३० दिवसांत उत्पादकाने एफडीएला, म्हणजे तिथल्या नियामक संस्थेला, कळवायचं असतं. तातडीची कारवाई लागणार असेल तर कामाच्या पाच दिवसांत. कंपनीच्या कोणत्याही कर्मचाऱ्याला कळलं की कंपनीला कळलं, असं धरलं जातं. शस्त्रक्रियागृहाबाहेर एखाद्या सर्जनने विक्री प्रतिनिधीला 'ही तिसरी लीड गेली' असं सहज म्हटलं, तरी घड्याळ सुरू व्हायला हवं. प्रत्यक्षात ते वाक्य बऱ्याचदा तिथेच विरून जातं. प्रतिनिधीचा पगार विक्रीवर ठरतो, तक्रारी नोंदवल्यावर नाही.

नोंद झालीच, तर पुढे वर्गवारी येते. 'वापरातील चूक' हा कप्पा मला सगळ्यात घातक वाटतो. तक्रार एकदा त्यात पडली की ती उपकरणाची राहत नाही, सर्जनची होते. डीप्यू कंपनीच्या एएसआर या धातूवर धातू घासणाऱ्या खुब्याच्या सांध्याबाबत हेच झालं. वाटी नीट कोनात बसवली गेली नाही, असं स्पष्टीकरण पुढे येत राहिलं. पण एखाद्या सांध्यात दोन-चार अंशांची चूक खपत नसेल आणि दुसऱ्या रचनेत तीच खपत असेल, तर तो रचनेचाच दोष झाला. सर्जनचे हात दोन्हीकडे सारखेच आहेत. त्या घर्षणातून कोबाल्ट आणि क्रोमियम सुटून भोवतालच्या ऊती मरत होत्या. हे आधी लक्षात आलं ते रजिस्ट्रीमुळे, म्हणजे बसवलेल्या प्रत्येक सांध्याची देशभरातून एकत्र नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेमुळे. ऑस्ट्रेलियाच्या नोंदींमध्ये हा सांधा पुन्हा काढावा लागण्याचं प्रमाण जास्त दिसत होतं. २००९ च्या अखेरीस तो तिथून मागे घेतला गेला, आणि जगभरातून मात्र ऑगस्ट २०१० मध्ये. तोवर सुमारे ९३ हजार लोकांना तो बसला होता.

अशा बैठकांमध्ये एक वाक्य हमखास येतं: 'अजून सांख्यिकीदृष्ट्या सिद्ध झालेलं नाही.' औषधाचा गुण सिद्ध करताना ही सावधगिरी बरोबर आहे. अपायाच्या बाबतीत तीच मोजपट्टी लावली, तर पुरावा पुरेसा होईपर्यंत उपकरणं बसवली जात राहतात, आणि पुरावा त्याच माणसांच्या शरीरातून गोळा होतो. शिवाय आमच्याकडचे आकडे नेहमी कमी असतात. बिघडलेली बरीच उपकरणं परत येतच नाहीत. ती रुग्णालयाच्या कचऱ्यात जातात किंवा माणसाबरोबर पुरली जातात; पेसमेकर असलेला माणूस झोपेत गेला तर ते तपासावं असं कोणाला सुचतही नाही. भाजकाची संख्या विक्रीवरून पक्की माहीत असते, भाज्य मात्र जेवढं कानावर आलं तेवढंच. त्या भागाकाराला बिघाडाचा दर म्हणायचं असेल तर म्हणा, पण तो कमीत कमी दर आहे हे रुग्णाला सांगायला हवं.

नियमपालन पुरेसं नाही, याचंही एक उदाहरण इथेच देतो. एफडीएने काही उत्पादकांना ओळखीच्या बिघाडांचे अहवाल एकेक न देता सारांशात देण्याची सवलत दिली होती, आणि ते सारांश सार्वजनिक नोंदीत दिसत नसत. २०१९ मध्ये हे उजेडात आल्यावर ती सवलत बंद झाली आणि पन्नास लाखांहून अधिक जुन्या नोंदी खुल्या झाल्या. त्या कंपन्यांनी नियम मोडला नव्हता. पण उपकरण निवडण्याआधी सर्जन जी नोंद चाळायचा, ती अपुरी होती, आणि हे त्या कंपन्यांना ठाऊक होतं.

पैशाकडे येतो. बहुतेक वॉरंटींचा भर नवीन उपकरण देण्यावर असतो. रुग्णाच्या खर्चात उपकरण हा एकच भाग झाला. दुसरी शस्त्रक्रिया, रुग्णालयातले दिवस, बुडालेलं काम, पुढची तपासणी हे सगळं उरतंच. युरोपीय न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये बोस्टन सायंटिफिकच्या प्रकरणात (गायडंट तोवर त्यांनी विकत घेतली होती) दिलेला निकाल मला नैतिकदृष्ट्याही बरोबर वाटतो. एखाद्या मालिकेतल्या पेसमेकरमध्ये किंवा डिफिब्रिलेटरमध्ये नेहमीपेक्षा बराच जास्त बिघाड संभवत असेल, तर त्या मालिकेतला प्रत्येक नग सदोष धरता येतो. नेमका तुमचा नग बिघडलाय हे सिद्ध करावं लागत नाही, आणि तो बदलण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च उत्पादकावर टाकता येतो. याउलट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या रीगल विरुद्ध मेडट्रॉनिक निकालात, एफडीएची कडक पूर्वमंजुरी मिळालेल्या उपकरणांबाबत राज्यांच्या कायद्याखालच्या बऱ्याच दाव्यांचा रस्ता बंद केला. म्हणजे एकाच दोषासाठी एका खंडात हक्क आणि दुसऱ्यात बंद दार. कायदे वेगळे असणारच. कंपनी मात्र दोन्हीकडे एकच असते.

एएसआरमध्येही हेच दिसलं. अमेरिकेत २०१३ मध्ये सुमारे अडीच अब्ज डॉलरची तडजोड झाली. भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या, आणि तिथे भरपाईचं सूत्र ठरायला २०१८ उजाडलं. तेही सरकारी समितीकडून. रुग्णाचा देश पाहून आधी कोणाला आणि किती द्यायचं हे ठरवणारी कंपनी कायदेशीरदृष्ट्या हुशार असेल. तेवढीच नैतिक आहे असं मी म्हणणार नाही.

कंपनीच उरली नाही तर काय, हा प्रश्न पूर्वी कोणी फारसा विचारत नसे. सेकंड साइट कंपनीने आर्गस २ नावाचं डोळ्याच्या पडद्यावरचं इम्प्लांट बनवलं. दृष्टी गेलेल्या साडेतीनशेहून अधिक लोकांना ते बसवलं होतं. कंपनीने ते बनवणं थांबवलं आणि २०२० मध्ये बहुतेक कर्मचारी कमी केले. ज्यांच्या डोळ्यात ते होतं त्यांना बाहेरच्या चष्म्याचा आणि प्रोसेसरचा सुटा भाग मिळेना. एमआरआय करायचा तर आत नेमकं काय आहे आणि ते सुरक्षित आहे का, हे सांगणारं माणूस सापडेना. उपकरण बिघडलं नव्हतं, कंपनी बिघडली होती. रुग्णाच्या दृष्टीने परिणाम तोच.

म्हणून अंगात राहणाऱ्या वस्तूची जबाबदारी विक्री थांबल्यावर संपत नाही, ती शेवटचं उपकरण काढलं जाईपर्यंत किंवा शेवटचा रुग्ण जाईपर्यंत चालते, असं माझं मत आहे. याला व्यवहारी रूप देता येतं. बाजारात उतरतानाच सुट्या भागांसाठी आणि देखभालीसाठी वेगळा निधी ठेवावा, तो कर्जदारांच्या हाताबाहेर असावा. रचनेची कागदपत्रं आणि सॉफ्टवेअर तिसऱ्या संस्थेकडे ठेवावं, म्हणजे कंपनी बुडाली तर दुसऱ्या कोणाला काम पुढे चालवता येईल. युरोपच्या मे २०२१ पासून लागू झालेल्या नियमांत भरपाईसाठी पुरेशी आर्थिक तरतूद ठेवण्याची आणि प्रत्येक रुग्णाला इम्प्लांट कार्ड देण्याची अट आहे. पीआयपीसारख्या बुडालेल्या कंपनीच्या रुग्णांचे हाल पाहिल्यावर तिचं महत्त्व कळतं. देखभालीच्या निधीची सक्ती मात्र मला कुठे दिसलेली नाही. लहान कंपन्या म्हणतात की अशाने नवीन काही येणारच नाही. थोडंसं खरं आहे. पण मग संमतीपत्रात लिहा की 'आमची कंपनी पाच वर्षांनी असेलच असं नाही', आणि त्यावर सही घ्या.

प्रश्न विचारणाऱ्यांपैकी कोणी अशा कंपनीत काम करत असेल, तर एक कामाची गोष्ट. धोक्याचं मूल्यमापन करणाऱ्या बैठकीत विक्रीशी संबंध नसलेला निदान एक डॉक्टर असावा, आणि ज्याचं मत वेगळं पडलं त्याचं मत इतिवृत्तात त्याच्या नावानिशी यावं. 'सर्वानुमते कमी धोका' असं लिहिलेलं इतिवृत्त नंतर कोणाच्याच उपयोगाचं नसतं, कंपनीच्या वकिलाच्याही नाही.

आणि कोणी रुग्ण असेल तर: तुमच्या उपकरणाचं मॉडेल आणि अनुक्रमांक घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी माहीत असू द्या. पत्ता किंवा फोन बदलला तर रुग्णालयाला कळवा. धोक्याची पत्रं जुन्या पत्त्यावर जातात आणि तिथेच पडून राहतात. रिकॉल हा शब्द ऐकला की उपकरण काढायचंच असं समजू नका. बऱ्याचदा त्याचा अर्थ न वापरलेले नग परत आणि बसवलेल्यांवर जास्त लक्ष, एवढाच असतो. डॉक्टरांना दोन आकडे विचारा: माझ्या बाबतीत बिघाडाचा धोका किती आणि बदलण्याचा किती. काढायचं ठरलं तर काढलेल्या उपकरणाचं काय करणार, हे शस्त्रक्रियेआधी लेखी ठरवून घ्या. ते तपासासाठी कंपनीकडे जायलाच हवं, नाहीतर दोष कधी कळणार नाही. पण ते एकुलता एक पुरावाही असतं, आणि तपासणारा तोच ज्याच्यावर दोष येऊ शकतो. म्हणून देण्याआधी फोटो काढा, अनुक्रमांक दिसेल असे. कोणाला आणि कधी दिलं याची पावती घ्या. आणि तपासाचा अहवाल मला मिळेल, असं त्या पावतीवरच लिहून घ्या. काही कंपन्या मागितल्याशिवाय देत नाहीत, मागितल्यावर बहुतेक देतात.